उस्तिनचं पहिलं काम

आमच्या डोंगरातल्या रिउमाल गावच्या लोहारशाळेत भर दुपारीही अंधार असायचा, आणि तो मुद्दाम राखलेला असायचा. ओढ्याच्या बाजूला एकच खिडकी, तिच्यावरही गोणपाट. भिंती, तुळया, कोपऱ्यातली कोळिष्टकं, सगळं दोनशे वर्षांच्या काजळीनं काळं. नवखा माणूस उंबऱ्यातच ठेचकाळायचा. मग आतून उस्तिनचा आवाज यायचा, "तिथंच उभा राहा. डोळे सरावले की ये. घाई असेल तर बाजारात जा, तिथं पत्र्याच्या कुदळी उजेडात मिळतात."

अंधाराचं कारण साधं होतं. लोखंड किती तापलं ते त्याच्या रंगावरून कळतं, आणि रंग उजेडात खोटं बोलतो. उन्हात जे लोखंड नुसतं केशरी दिसतं, ते खरं म्हणजे पांढरं होऊन जळायला लागलेलं असतं. ज्याची भट्टी उजेडात, त्याचं पोलाद राखेत, असं उस्तिनचा बाप म्हणायचा. बाप तसा पुष्कळ काही म्हणायचा, पण हे एक खरं होतं.

आत ओढ्याच्या पाण्यावर चालणारा मोठा घण होता. ओकच्या अख्ख्या खोडाचा दांडा आणि पुढं वासराएवढं लोखंडी डोकं. पाण्याची फळी वर ओढणारी दोरी उस्तिनच्या बायकोच्या, लिसेच्या हातात असायची. फळी चार बोटं उचलली की घण सावकाश पडायचा, वीतभर उचलली की धडधडायचा. लोखंड भट्टीतून बाहेर आलं की किती पाणी सोडायचं ते लिसे उस्तिनच्या खांद्याकडं बघून ठरवायची. बावन्न वर्षांत त्या दोघांना घणाखाली एक शब्दही बोलावा लागला नाही. घरात मात्र मिठावरूनसुद्धा त्यांचं कधी जमलं नाही.

आमच्याकडची जमीन म्हणजे डोंगर उतरणीवर दगडी बांध घालून अडवलेली माती. मातीपेक्षा दगड जास्त. चार-पाच वर्षांत कुदळीचं तोंड झिजून अर्धं होतं. मग ती लोहाराकडं आणायची आणि शेवटून न्यायची, म्हणजे झिजलेल्या तोंडाला नवी पोलादाची पट्टी तापवून घणाखाली एकजीव करून घ्यायची. एकेक कुदळ अशी तीन-तीन पिढ्या चालते. आणि तिचा मालक मेला, किंवा परदेशी गेला, तर ती लोहारशाळेत आणून तुळईला टांगायची. घरातलं कुणीतरी पुढं येतं, म्हणतं, आता ही मी वापरणार. तेव्हा लोहार त्याची उंची बघतो, कोपरापासून गुडघ्यापर्यंत काठी धरतो, त्या मापानं कुदळीचा कोन बसवतो आणि मगच शेवटतो. वापरणारा हात समोर आल्याशिवाय टांगलेल्या कुदळीला विस्तव दाखवायचा नाही. ही ठेव असते, आणि ठेवीला हात लावायचा नसतो.

उस्तिनच्या तुळईला तेवीस कुदळी टांगलेल्या होत्या. मेंढ्यांच्या कळपात धनगराला एकेक तोंड ठाऊक असावं, तशा त्याला त्या ठाऊक होत्या. पण येता-जाता त्याची नजर एकाच कुदळीवर जायची, भट्टीच्या डोक्यावरच्या, याकुमच्या. आणि तिच्यावर गेली की तिथून ती दारावरच्या कुदळीवर जायची, आणि मग तो मान खाली घालायचा.

त्याचं असं झालं होतं.

सन छप्पन्नमध्ये उस्तिन वीस वर्षांचा होता आणि याकुम बावीसचा. दोघं उस्तिनच्या बापाच्या हाताखाली काम करायचे. याकुम वरच्या वाडीचा, सोप्रालचा, बिनबापाचा. लोहारशाळेतच जेवायचा, लोहारशाळेतच झोपायचा. त्याच वर्षी सपाटीवरून कारखान्यातल्या कुदळी येऊ लागल्या आणि काम निम्म्यावर आलं. बापानं एक दिवस हात पुसत सांगितलं, "इथं आता एकाचंच पोट भरेल. पोरगा आणि परका असा भेद मी करणार नाही. ज्याच्या हातात लोखंड नीट बोलेल, तो राहील." घरातल्या दोन जुन्या कुदळी त्यानं दोघांपुढं टाकल्या आणि म्हणाला, "शेवटा."

तेव्हा पाण्याची फळी बाहेर जाऊन हातानं उचलावी लागायची; बाप तिथं पाणी सोडायला गेला. दोन्ही कुदळी एकाच भट्टीत, शेजारी शेजारी. याकुमनं त्याची वेळेवर बाहेर काढली. उस्तिन आणखी थोडं, आणखी थोडं करत राहिला. त्याला वाटलं, पोलाद अजून घामेजलं नाही, जोडासाठी हवी ती ओली चकाकी आली नाही. मग एकदम भट्टीतून चांदण्या उडाल्या, पांढऱ्या, फुटणाऱ्या. पोलाद जळायला लागलं की ते असं फुलतं. दिसतं फार सुंदर. पण त्या चांदण्या दिसल्या म्हणजे काम संपलं. ते पोलाद पुढं घणाखाली शिळ्या भाकरीसारखं चुरतं.

बाप आत आला. ऐरणीवर एक कुदळ निकोप आणि दुसरीच्या तोंडाचा चुरा.

"ही जळकी कुणाची?"

उस्तिनचं तोंड उघडलं होतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. पण त्यातून आवाज यायच्या आत याकुम म्हणाला, "माझी."

एवढंच. बापानं याकुमकडं पाहिलं, मग पोराकडं, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की उस्तिननं तोंड मिटून घेतलं. तो मूग गिळून बसला. त्या दिवशी बसला तो बसलाच.

बापानं ती चांगली कुदळ दारावर खिळ्याला लावली. गिऱ्हाईक आलं की दाखवायचा, "माझ्या पोराचं पहिलं काम. जोड शोधून दाखवा." जोड कुणालाच सापडायचा नाही. याकुमनं आठ दिवसांत बेल्जियमच्या कोळसाखाणीचे कागद केले. निघताना स्वतःची, आपल्या मेलेल्या बापाची, झिजलेली कुदळ भट्टीच्या डोक्यावर टांगली.

"याकुम, मी बाबांना सांगतो," उस्तिन म्हणाला.

"काय सांगतोस? गप बस. तुझा बाप आहे तो. मला तर कुठंतरी जायचंच होतं." मग हसून म्हणाला, "ही सांभाळ. मी येईन, नाहीतर माझं कुणी येईल. तेव्हा नीट शेवट म्हणजे झालं. जाळू नकोस, गाढवा."

तिथं त्यानं आमच्याच खोऱ्यातल्या एका मुलीशी लग्न केलं. दुसऱ्या वर्षी खाणीचं छत खाली आलं. मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता. बायको परत आली नाही.

उस्तिन पुढं खरोखरच चांगला लोहार झाला. झाला म्हणण्यापेक्षा, त्यानं स्वतःला डोळ्यांत तेल घालून लोहार बनवलं. एकही पोलाद पुन्हा जाळलं नाही. बाप मेला, लिसे घरात आली, मुली लग्न होऊन सपाटीवर गेल्या, कामं कमी होत होत थांबली. तरी दर सोमवारी तो भट्टी पेटवायचा. लिसे विचारायची, "कुणासाठी?" तो म्हणायचा, "हाताची सवय जाऊ नये म्हणून." तिला वाटायचं म्हाताऱ्याची जित्याची खोड. त्याला एकच काम करायचं होतं. एकच कुदळ एकदा नीट शेवटून योग्य हातात द्यायची होती, म्हणजे तो सुटला असता.

अशात जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याकडून वारसावाल्या बाई आल्या.

त्यांचं नाव लोरेदाना. सांगायला हरकत नाही, बाई भल्या होत्या. पहिल्या दिवशी घण चालताना पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशा लोहारशाळा आता या सगळ्या डोंगरात दोनच उरल्यात," त्या म्हणाल्या. "हा ठेवा आहे, उस्तिन. तुम्हाला कल्पना नाही." उस्तिनला कल्पना होती, पण त्याच्या पाणचक्कीच्या चाकाची अर्धी पाती कुजली होती आणि ओढ्याच्या पाटाचा बांध ढासळला होता, आणि बाई ते दुरुस्त करून द्यायला तयार होत्या. त्यानं संग्रहालयाच्या कागदावर सही केली.

चाक नवं झालं, पाटही नवा झाला. मग कामगारांनी आत हात घातला. छताची काजळी खरवडली, भिंतींना चुना दिला, खिडकीचं गोणपाट काढून मोठी काच बसवली आणि तुळयांवर दिवे लावले. पाहुण्यांना दिसलं पाहिजे ना. उस्तिन दारात उभा राहून पाहत होता.

"बाई, इतका उजेड भट्टीला चालत नाही."

"पण आता रोज थोडंच काम करायचंय? अधूनमधून प्रात्यक्षिक. लोकांना तुमचे हात दिसू देत की."

मधाचं बोट लावून गप्प करणं म्हणतात ते हेच. गुत्त्यात त्याच्या दोस्तांनी पत्ते पिसत त्याची फिरकी घेतली. "काय रे उस्तिन, तुझ्यावरपण नंबर चिकटवला का?" "त्याला पण चुना लावतील. नाहीतरी आतून काळाच आहे." सगळे हसले. उस्तिनही हसला, पण त्याची दारू तशीच राहिली.

नंबर खरोखरच लागले. सांडशी, हातोडे, भाता, तेवीस कुदळी, प्रत्येकाला पितळेचा बिल्ला. दारावरच्या कुदळीला क्रमांक एक, आणि खाली छापील पाटी: 'उस्तिनचं पहिलं काम. १९५६.' बाईंना ही गोष्ट गुत्त्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितली होती. पाटी लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना?"

बोलायची ही दुसरी वेळ होती. उस्तिननं पाटीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "अक्षर छान आलंय."

उद्घाटनाला तीन आठवडे असताना निवेस आली.

चौतिशीची, खांद्याला पिशवी, पायात चिखलाचे बूट. बोलली ती आमच्याच बोलीत, पण आमच्या आज्यांच्या शब्दांत, काकाला 'बार्बा' म्हणत. आज्जीकडून शिकलेली भाषा ती, साठ सालाच्या पुढं सरकलीच नव्हती. म्हणाली, "बार्बा उस्तिन, मी याकुमची नात. बाबा गेले. सोप्रालचं आजोबांचं वावर अजून आमच्याच नावावर आहे. मी तिथं राहायला आलेय. आज्जी सांगायची, आजोबांची कुदळ तुमच्याकडं आहे. आहे का हो?"

उस्तिनला बाकावर बसावं लागलं. लिसेनं पाणी आणलं. तो प्यायला नाही. निवेसचे हात त्यानं उलटे करून पाहिले, तळव्यावर फोड आलेले होते.

"काय लावतेस?"

"बटाटे, घेवडा. वेलीपण लावायच्यात. बांध पडलेत सगळे. बाजारातली कुदळ घेतली, ती वाकली."

"वाकणारच. पत्रा आहे तो." तो उठला. काठी घेतली, तिच्या कोपरापासून गुडघ्यापर्यंत धरली, चाकूनं खूण केली. "याकुमपेक्षा आखूड आहेस. तो ताडमाड होता. सोमवारी ये. सोमवारी शेवटून देतो."

पण कुदळीवर आता बिल्ला होता, क्रमांक चौदा. लोरेदानाबाईंनी डोक्याला हात लावला. यादी वर गेली होती. नोंद झालेली वस्तू बाहेर जात नाही, आणि भट्टीत तर मुळीच जात नाही.

"ती माझी नाही, बाई. माझ्याकडं ठेव होती. ठेवीवर तुम्ही नंबर कसा टाकला?"

"मला कुणी सांगितलं नाही ना तसं." बाई खरंच हळहळल्या. दोन दिवस त्यांनी फोनाफोनी केली, आणि हसत परत आल्या. "मिळाली परवानगी. एक अट आहे. उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर करायचं. टांगलेली कुदळ, साठ वर्षांनी आलेली नात, जुन्या रीतीनं तिच्या हातात दिलेली. उस्तिन, याहून मोठं काही असूच शकत नाही!"

"दिवे बंद कराल?"

"निम्मे करू."

उस्तिन कबूल झाला. नाहीतर कुदळ मिळत नव्हती.

उद्घाटनाला दोनशे माणसं आली. बाहेर मंडप, चीज, सॉसेज, मक्याच्या पिठाचा पोलेंता, वाइनचे दोन पिंप, बँड. आत ऊन त्या मोठ्या काचेतून थेट भट्टीच्या तोंडावर पडत होतं; ते कुणी बंद करणार नव्हतं. निम्मे दिवे विझवले, तर फोटोवाल्यांनी आपले दिवे लावले. चुन्याच्या भिंतींवरून उजेड उसळत होता. लिसेनं दोरी हातात घेतली आणि नवऱ्याकडं बघून मान हलवली, नको. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पुढच्या रांगेत निवेस उभी होती, आणि तिचं कपाळ याकुमचं होतं.

त्यानं कुदळ आणि पोलादाची पट्टी भट्टीत सारली. भाता चालू केला. लोखंड लाल झालं, मग केशरी. त्याच्या माहितीचा रंग, पिकल्या जर्दाळूचा, त्याच्या पुढचा, मग पोलाद ओलं दिसायला लागतं तो. तो वाट पाहत राहिला. रंग पुढं सरकत नव्हता. डोळ्यावर हात धरला. फोटोचा लखकन उजेड पडला आणि त्याच्यापुढं हिरवे डाग नाचले. आणखी थोडं. अजून घामेजलं नाही. आणखी थोडं.

आणि चांदण्या उडाल्या.

पांढऱ्या, फुटणाऱ्या, भट्टीच्या तोंडातून वर छतापर्यंत. आणि त्या दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. लहान पोरं ओरडली, कुणीतरी "वा!" म्हणालं, फोटोवाले पुढं घुसले. लोरेदानाबाई डोळे पुसत होत्या. एकोणसाठ वर्षांपूर्वी भट्टीपुढं दोनच माणसं होती आणि त्यांतल्या एकानं दोष आपल्यावर घेतला होता. आज घ्यायला कुणी नव्हतं, कारण दोष कुणाला दिसतच नव्हता.

त्यानं लोखंड बाहेर ओढलं. घण पडला. आवाज बद्द आला. लिसेनं तो ओळखला आणि आपोआप तिच्या हातून फळी खाली आली, घण मंदावला. उस्तिननं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जितकं सावरता येईल तितकं सावरलं, सुटलेला कोपरा आत दाबला, कोन खुणेप्रमाणं बसवला, पाणी दिलं, कानस फिरवली. कानशीखाली कण सुटत होते. वरून कुदळ देखणी दिसत होती.

"आता, रीतीप्रमाणं," बाईंनी माईकवर सांगितलं, "ठेव तिच्या वारसाकडं."

थांबा, म्हणायला हवं होतं. ही मोडेल, म्हणायला हवं होतं. निवेसनं दोन्ही हात पुढं केले, ती रडत होती. उस्तिननं कुदळ तिच्या हातावर ठेवली.

त्या दिवशी घरी लिसेनं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"तशीच?"

त्यानं ताटातला घास मोडला. तिनं पुढं काही विचारलं नाही. मिठावरूनही भांडली नाही. बावन्न वर्षांच्या संसारात त्याला याहून मोठी शिक्षा मिळाली नव्हती.

पाच दिवस तो ओढ्याच्या पुलावर जाऊन सोप्रालकडं बघत बसला. रोज ठरवायचा, आज वर जायचं, सांगायचं. पाय उचलायचे नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी निवेसच खाली आली, स्वयंपाकघराच्या दारानं, जशी पूर्वी गिऱ्हाइकं यायची तशी. तिच्या एप्रनमध्ये कुदळीचे तीन तुकडे होते.

"बार्बा, रागावू नका," ती म्हणाली. "माझ्या हातून मोडली. मोठा दगड लागला असणार, मी बघितलंच नाही. किंवा मला धरताच येत नाही नीट. तुम्ही इतकी वर्षं सांभाळली आणि मी पाच दिवसांत..." तिनं तुकडे टेबलावर ठेवले. "चूक माझीच आहे."

माझी. तोच शब्द, साठ वर्षांनी, त्याच घरातून आला.

उस्तिन टेबलावर डोकं टेकून रडला. ऐंशीला टेकलेला माणूस, बापाच्या मयतीलाही रडला नव्हता. निवेस घाबरली, लिसेनं तिला खूण केली, बस. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि मग सगळं सांगितलं. दोन कुदळी, बाप फळीशी, चांदण्या, 'ही जळकी कुणाची', सगळं. लिसेही पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"तुझ्या आजोबाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, पोरी. तो राहायला हवा होता आणि मी जायला हवा होतो. खाणीचं छत माझ्यावर पडायचं होतं. एकदा, एकदाच त्याची कुदळ नीट करून द्यायची होती मला. आणि मी पुन्हा तेच केलं. जाळली आणि गप्प बसलो."

निवेस तुकड्यांकडं पाहत होती. "हे जोडता येतील?"

त्यानं एक तुकडा बोटांत धरून दाबला. कडा मिठासारखी सुटली. "दांड्याच्या नेढ्याखाली दोन बोटं लोखंड उरलंय. याला आता शेवटण्यासारखं काही राहिलं नाही."

चुलीवर दूध उतू गेलं तरी लिसे जागची हलली नाही. मग निवेसनं हळूच विचारलं, "आणि आजोबांनी शेवटली होती ती? ती चांगली झालेली?"

उस्तिननं तिच्याकडं पाहिलं. मग भिंतीवरून किल्ली काढली.

लोहारशाळेत सगळीकडं पांढरं ऊन पडलं होतं. त्यानं बाकावर चढून दारावरची कुदळ काढली. साठ वर्षं तिनं माती पाहिली नव्हती. नखानं टिचकी मारली, आवाज स्वच्छ आला. याकुम ताडमाड होता आणि ही आखूड, हे त्याला आठवलं. पण तो कोन त्याच्या स्वतःच्या आईसाठी बसवलेला होता, घरातलीच कुदळ ती, आणि त्याची आई निवेसएवढीच होती. काठी धरून पाहिली. बोटभराचा फरक.

"चालेल," तो म्हणाला. "हिला विस्तव दाखवू नकोस. कुणाला देऊपण नकोस. झिजली तर झिजू दे."

"पण नंबर..."

बिल्ला त्यानं पक्कडीनं काढला. मग मोडक्या कुदळीचे तुकडे तारेनं एकत्र बांधले, तिचा चौदा नंबरचा बिल्ला उद्घाटनाच्या दिवशीच काढला होता, तिथं एक नंबरचा लावला आणि ते गाठोडं दारावरच्या खिळ्याला अडकवलं. पाटीला हात लावला नाही.

रविवारी लोरेदानाबाई शाळेची मुलं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"उस्तिन! इथली कुदळ कुठं गेली?"

"ही काय."

"ही मोडलेली आहे!"

"हो. पोलाद जाळलं होतं, बाई. उजेड नव्हता तेव्हाही जाळलं आणि उजेडातही जाळलं. दिव्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही."

बाईंनी वर पाटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "म्हणजे पाटी चुकली आहे?"

"इतके दिवस चुकली होती," उस्तिन म्हणाला. "आता बरोबर आहे. वाचून दाखवा मुलांना."

बाईंनी वाचलं. उस्तिनचं पहिलं काम. मुलांनी माना वर करून तारेत बांधलेले ते तीन तुकडे पाहिले, आणि एका मुलीनं बाईंना विचारलं की मग हे इथं कशाला लावलंय. बाईंनी यादी काढून पाहिली. यादीत 'कुदळ, एक नग' असं होतं, आणि नग एकच होता. त्यांनी यादी मिटली.

त्या दिवशी घण चालवायचा म्हणून लिसे दोरीशी उभी होती. उस्तिननं हातानं नको म्हटलं. पुढंही त्यानं कधी भट्टी पेटवली नाही. पाहुण्यांना बाई घण रिकामा फिरवून दाखवायच्या, ऐरणीवर लाकडाचा ठोकळा ठेवून, आणि तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून त्या वेळी तो पलीकडं पुलावर जाऊन बसायचा.

पुलावर सोप्रालचा आवाज येतो. त्या रविवारी निवेस वरच्या बांधावर खणत होती. उस्तिन कान देऊन मोजायला लागला. एक, दोन, तीन. चार, पाच. दगडावर लागलेला घाव ऐकू आला, खणखणीत, आणि त्याच्या मागून लगेच दुसरा. लिसे येऊन शेजारी उभी राहिली. जेवायला चल म्हणणार होती, पण त्याचे ओठ हलताना पाहून थांबली. तो शंभरपर्यंत मोजत गेला, आणि शंभरानंतरही.

कुदळ मोडली नाही. मोडणार नव्हतीच. ती याकुमनं शेवटली होती.